इंजिनावरचा शेवटचा हात

ईश्वरप्पांच्या फिल्लरवरचे आकडे पुसून गेले त्याला पंधरा वर्षं झाली. फिल्लर म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. एकेक पातं फटीत सरकवायचं आणि फट किती आहे ते ओळखायचं. आकडे गेले तरी ईश्वरप्पांचं अडलं नाही. अंगठ्यानं पाती सोडत ते मोजत. बसूच्या होडीच्या इंजिनातल्या रिंगांना आठवं पातं लागायचं. ते जरा ओढून गेलं की फट बरोबर.

जानेवारीतल्या एका सकाळी बसूचा फोन आला आणि त्यानंतर त्यांना एवढंच आठवेना, की इंजिन बांधलं त्या दिवशी आपण आठवं पातं लावलं होतं की त्याहून पातळ सातवं.

"मामा, परत बंद पडली," बसू म्हणाला. "ऐन मध्यावर. आठवड्यात तिसऱ्यांदा."

"धूर?"

"धूर न्हाय. दम सोडल्यागत करतंय इंजिन. दोनदा भुकभुक करतंय आणि गप्प."

"मग?"

"मग काय, बसायचं. टाकीत काठी घालून बघायचं, डिझेल असतंय की भरपूर. धा मिनटानं हँडल मारलं की चालू. पंचवीस मिनटं चालतंय, परत तेच."

ईश्वरप्पांनी फोन खिशात ठेवला. वर्कशॉपच्या शेजारी पद्मशाली विणकरांच्या घरांतले माग चालू होते. चाळीस वर्षं त्या आवाजातून इंजिनांचे आवाज वेगळे काढण्यात गेली होती. आज माग नुसतेच खडखडत होते, त्यातून काही वेगळं निघत नव्हतं.

लोखंड तापलं की फुगतं. रिंगेच्या दोन टोकांमधली फट कमी राहिली, तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, आवळून धरते आणि इंजिनाचा दम जातो. दहा मिनिटं गार झालं की आवळलेलं सुटतं. पुन्हा चालू होतं, पुन्हा तापतं. बसू सांगत होता ते नेमकं तसंच होतं. आणि इंजिन बांधलं तेव्हा ईश्वरप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. उजव्याचं अजून व्हायचं होतं. सगळं इंजिन त्यांनी दीड डोळ्यानं बांधलं होतं.

ते घरात आले. पत्र्याची हत्यारपेटी पुढ्यात घेऊन फडक्यानं पुसू लागले. त्यांची बायको नीलम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पेटी कशाला पुसायलाव? सण हाय का?"

"बसूचं इंजिन बंद पडायलंय."

"मग जाऊन बघा की."

"बघतो. आतला फॉल्ट निघाला तर ही पेटी बसूकडंच ठेवून येणार हाय मी."

नीलम्मानं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. "ठेवून या," ती म्हणाली. "घरात तेवढीच जागा होईल."

निघताना तिनं भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. दारात उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "रिकामे हात घेऊन आलात तर मला ते बघवणार न्हाय. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

*

मंद्रूपपर्यंत एसटी आणि पुढे बोरकुरणपर्यंत वडापची जीप. ईश्वरप्पा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. खाली ठेवायला जागा होती, तरी मांडीवर.

अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातून ते विसाव्या वर्षी सोलापुरात आले तेव्हा त्यांना मराठी तुटक यायचं आणि इंजिनातलं काहीच यायचं नाही. रसूलसाब नावाच्या उस्तादांनी त्यांना हाताशी घेतलं. ईश्वरप्पांचं कानडी, उस्तादांचं दखनी, आणि दोघांच्या मध्ये उघडं पडलेलं इंजिन. बोलणं कमीच व्हायचं. उस्ताद पेचकसाचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानाला लावत आणि मग तोच पेचकस ईश्वरप्पांच्या कानाला लावत. आतला प्रत्येक आवाज त्यांनी असा कानात घालून दिला होता. बिघडलेलं इंजिन आलं की पाना उचलण्याआधी उस्ताद गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायचे, "इसको आखरी हात किसका लगा?" कुणी काय उघडलं, काय पुसलं, काय बदललं. बिघाड बहुतेक वेळा तिथंच सापडायचा.

वडापमध्ये ईश्वरप्पांना तो प्रश्न आठवला आणि उत्तरही आलं. शेवटचा हात माझाच. आणखी कुणाचा?

रसूलसाब गेले त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर ईश्वरप्पांनी विहिरींवरची, पिठाच्या गिरण्यांची, रसवंत्यांची इंजिनं बांधली. एकदा बसूचे वडील आपल्या होडीचं इंजिन बैलगाडीत घालून थेट सोलापुरात आले. विहिरीवर चालणारंच इंजिन, फक्त पट्ट्याच्या जागी लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. ईश्वरप्पांनी ते बांधून दिलं. ते अठरा वर्षं चाललं. वडिलांच्या मागं होडी बसूकडं आली, इंजिनही आलं, आणि ईश्वरप्पा मेस्त्रीही आले.

गेल्या सप्टेंबरात भीमेला पूर आला. त्या तीन दिवसांत बसूच्या होडीनं खालच्या वस्त्यांवरची माणसं बाहेर काढली. किती ते बसूनं मोजलं नव्हतं. त्याची आई मल्लव्वा म्हणायची, दोन गरोदर बायका आणि एक म्हैस एवढं तिला पक्कं माहीत आहे. तीन दिवस इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. चौथ्या दिवशी होडी काठाला बांधली, रात्री पाणी आणखी चढलं आणि इंजिन होडीसकट बुडालं. जणू काम होईपर्यंत थांबलं होतं.

गाळानं भरलेलं ते इंजिन ईश्वरप्पांनी सुटं सुटं करून धुतलं. नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. डिझेलची जुनी टाकी म्हणजे पत्र्याचा डबा होता, तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. त्यात पाणी जायचं. ईश्वरप्पांनीच बसूला आट्याचं, फिरवून आवळायचं झाकण असलेली स्टीलची नवी टाकी करून घ्यायला लावली. डिसेंबरात इंजिन होडीत चढलं. पहिले दहा-बारा दिवस, बसू म्हणाला होता, लोण्यातून सुरी जावी तसं चाललं.

वडापच्या खिडकीतून ऊस मागं पळत होता. ईश्वरप्पांचं मन त्या दहा-बारा दिवसांशी अडलं. रिंग घट्ट असती तर पहिल्या दिवशीच धरायला हवी होती. चालून चालून ती घासते, सैल होते. आधी बरी आणि मग घट्ट, असं कसं? पण या विचाराला धरून राहायची त्यांची हिंमत होईना. माणूस स्वतःच्या चुकीला नाना वाटा शोधतो, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ पाहिलं होतं.

*

"बर्री अण्णा, या," मल्लव्वा उतारावरूनच म्हणाली. साठीची बाई, उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पदर कमरेला खोचलेला. होडीत माणसं चढवणं-उतरवणं तिच्याकडं होतं. कुणी कुठं बसायचं हे ती ठरवायची आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

"बरी हाईस का मल्लव्वा?"

"मी बरी हाय. तुमच्या इंजिनाला काय झालं बघा. माझ्यावर रुसलंय म्हणायलेत लोक."

काठावर कोथिंबिरीच्या जुड्यांची दोन पोती घेऊन सोमेश बसला होता. अलीकडं शेती, पलीकडं कर्नाटकात बाजार. रस्त्यानं जायचं तर पूल बावीस किलोमीटरवर. परवा होडी बंद पडत पडत पलीकडं उशिरा पोचली तेव्हा त्याचा माल सुकला होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "मेस्त्री, चष्मा आणलाय न्हवं?"

"आणलाय."

"मग बरं झालं. मागल्या टायमाला घरी इसरला असशीला."

"सोमेश, गप बस," बसू म्हणाला.

"मी गपच हाय की. इंजिन गप बसतंय, मी बी बसतो."

ईश्वरप्पा होडीत उतरले. पेटी फळीवर ठेवली आणि उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसू, आत्ताच सांगून ठेवतो. फॉल्ट आतला निघाला, माझ्या हातचा निघाला, तर इंजिन दुसरा मेस्त्री खोलंल. आणि ही पेटी हितंच राहील. मी परत पाना धरायचा न्हाय."

बसू टाकीकडं वळला. त्यानं डिझेल ओतलं, झाकण आवळून बसवलं. सोमेशनं पोती होडीत टाकली.

"तू कुटं?" मल्लव्वानं विचारलं.

"बंद पडली तर वल्हं मारायला एक माणूस लागंल की, मावशी."

मल्लव्वानं कमरेच्या पिशवीतून विभूतीचा गोळा काढला. तळहातावर नदीचं पाणी घेऊन तो उगाळला आणि तीन बोटांनी टाकीच्या झाकणावर पट्टे ओढले. मध्ये कुंकवाचा ठिपका. गोल उंचट झाकण, आधीच्या दिवसांचे पट्टे त्यावर वाळून पांढरे झालेले, त्यांच्यावर आजचे ओले. लहानशी पिंडीच दिसत होती. पूर्वी ती इंजिनाच्या माथ्यावर विभूती लावायची. तिनं हात जोडले. ईश्वरप्पांनीही जोडले. पुरात ज्यानं माणसं वाचवली, त्याला हात जोडायला त्यांना कधी संकोच वाटला नाही.

बसूनं हँडल मारलं. इंजिन लागलं.

*

पहिली वीस मिनिटं ईश्वरप्पांनी पेचकस कानाला लावून काढली. पिस्टनचा आवाज स्वच्छ होता. व्हॉल्व्हचा बारीक टकटकाट जिथं हवा तिथं होता. इंजिनाला थंड करून येणारं पाणी होडीच्या कडेनं सारखं पडत होतं. त्यांनी त्याखाली हात धरला. कोमट. होडी नदीच्या मध्यावर येरझाऱ्या घालत होती. जलपर्णीच्या कडेनं पाणकावळे पंख पसरून बसले होते, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे.

"चांगलं चालतंय की," सोमेश म्हणाला. "मेस्त्रीला बघून शिस्तीत आलं."

तेविसाव्या मिनिटाला आवाज पातळ झाला. कुणी हळूहळू काही काढून घ्यावं तसा. इंजिनानं एकदा उसळी घेतली, पुन्हा ढासळलं. दोनदा भुकभुक केलं. थांबलं.

मग पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. होडी आपल्या मनानं थोडी वळली.

आता एकच गोष्ट करायची होती आणि ती लगेच करायची होती. रिंगांनी आवळलं असेल, तर तापलेल्या इंजिनाचं चाक या क्षणी हातानं फिरणार नाही. दहा मिनिटं थांबलं तर फिरेल आणि मग काहीच कळणार नाही. ईश्वरप्पांनी वरची कळ उचलली. ती उचलली की आत दाबलेली हवा मोकळी होते आणि चाक फिरायला अडचण राहते ती फक्त लोखंडाची. चाकाकडं त्यांचा हात गेला आणि अलीकडंच थांबला.

बसू पाहत होता. मल्लव्वा पाहत होती. सोमेशनं वल्हं उचलून मांडीवर घेतलं.

ईश्वरप्पांच्या मनात त्या क्षणी सातवं पातं होतं, आठवं पातं होतं, आणि दुसरं काही नव्हतं. त्यांनी चाकाच्या कडेला तळवा लावला आणि ओढलं.

चाक फिरलं. नुसतं फिरलं नाही, हात काढल्यावरही अर्धा फेरा आपल्या वजनानं गेलं आणि मग हलकेच मागं येऊन थांबलं.

त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तसंच. मोकळं, भरलेलं, तेलात न्हालेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. उस्तादांच्या पेचकसाची मूठ कानाशी आल्यासारखं त्यांना वाटलं.

"मामा?" बसूनं विचारलं.

"आत सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी कळ पुन्हा खाली केली. "आवळलेलं न्हाय. इंजिन उपाशी मरायलंय. डिझेल पोचत न्हाय."

"टाकी भरलीय की मामा. तुमच्यासमोर ओतलं."

"टाकीत हाय. इंजिनात न्हाय. बारा नंबरचा पाना दे."

त्यांनी पंपाजवळ डिझेलच्या नळीचा नट सैल केला. धार यायला हवी होती. एक थेंब आला, लोंबला, पडला. दुसरा आलाच नाही. फिल्टरच्या अलीकडचा नट सैल केला. तिथंही तेच. म्हणजे फिल्टर नव्हे, त्याच्याही मागं. नळीवरून बोट फिरवत ते टाकीपर्यंत गेले. नळी कुठं मुडपली नव्हती, चेपली नव्हती. उरली टाकी. त्यांनी बसूकडं पाहिलं.

"बंद पडल्यावर तू दर बारीला काय करतोस म्हणालास?"

"काठी घालून डिझेल बघतो."

"म्हणजे झाकण उघडतोस."

"उघडल्याबिगर काठी कशी घालू?"

ईश्वरप्पा उठले. झाकणाला हात घातला आणि फिरवलं. आटे सुटता सुटता आतून लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला. हुस्स. आणि त्याच वेळी सैल केलेल्या नटातून डिझेलची धार सुटून बसूच्या पायावर पडली.

"आयला," बसू म्हणाला आणि नट आवळायला धावला.

बंद टाकीतून डिझेल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून झाकणाला सुईएवढं एक भोक असतं. जुन्या डब्याला पिशवी होती, तिच्या कडेनं हवा यायची. नव्या झाकणाला हे एकच भोक. ईश्वरप्पांनी झाकण तळहातावर घेऊन चष्म्याशी नेलं. विभूतीचा थर. पाण्यात कालवलेली, उन्हात वाळलेली, वरून डिझेलच्या ओशटपणानं धरून ठेवलेली, दर सकाळी एक नवा हात. सिमेंटसारखी कडक झाली होती. भोक कुठं आहे ते दिसतसुद्धा नव्हतं.

दहा-बारा दिवस लागले होते ते बुजायला.

शेवटचा हात. रोज सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी, शेवटचा हात.

त्यांची पाठ सगळ्यांकडं होती. नखानं खरवडून टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. मग वळून म्हणायचं, कचरा होता. इंजिनाचं नाव राहिलं असतं, मेस्त्रीचंही. मल्लव्वाला कधी कळलंही नसतं. जिनं पुरातल्या तीन दिवसांसाठी रोज हात जोडले, तिला हे सांगायचं तरी कसं, की बाई, तुझ्या हात जोडण्यानंच ते गुदमरत होतं.

"काय घावलं, मेस्त्री?" मागून सोमेशचा आवाज आला.

"कचरा" हा शब्द त्यांच्या ओठांशी आला होता. तेवढ्यात त्यांना डिसेंबरातला तो दिवस आठवला. ही जागा, हीच फळी. नवा रंग दिलेलं इंजिन, आणि मल्लव्वा विभूतीची बोटं ओली करून त्याच्या माथ्याकडं वाकलेली. तेव्हा ते म्हणाले होते, "तितं नको मल्लव्वा. माथा तापतोय, रंग जळंल, आणि शेजारीच हवेचं तोंड हाय, विभूती आत ओढली जाईल." तिनं विचारलं होतं, "मग कुटं लावू अण्णा?" आणि त्यांनी, चाळीस वर्षं इंजिनं बांधणाऱ्या मेस्त्रीनं, बोट करून दाखवलं होतं. हितं. टाकीच्या झाकणावर. हे गार असतंय.

हवेच्या एका तोंडापासून त्यांनी तिचा हात वाचवला होता आणि दुसऱ्या तोंडावर नेऊन ठेवला होता.

ते वळले. झाकण पुढं धरलं.

"बसू, ह्या झाकणाला भोक असतंय. हवेसाठी. ते विभूतीनं बुजलंय."

मल्लव्वाचा हात नकळत कमरेच्या पिशवीवर गेला.

"मी लावली," ती म्हणाली.

"लावलीस तू. जागा मी दावली," ईश्वरप्पा म्हणाले. "इंजिन आणलं त्या दिवशी. माथ्यावर नको, झाकणावर लाव म्हणालो. भोक हाय हे मला ठावं पाहिजे होतं. टाकी मीच करायला लावली. चूक माझी हाय."

मल्लव्वानं झाकण त्यांच्या हातातून घेतलं. थरावरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा उतरला होता. "यव्वा," ती स्वतःशीच म्हणाली. "पोरं बसलेली असायची होडीत. बायका असायच्या. मी नाक दाबून धरलं आणि वरून नमस्कार करत बसले."

"ठावं नव्हतं तुला."

"तुमाला बी नव्हतं की."

तिनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, फळीवर बसली आणि झाकण मांडीवर घेऊन अंगठ्यानं चाचपत भोक शोधू लागली. बसूनं हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. "मी लावली, मीच काढते." पिनेचं टोक फिरत राहिलं. पांढरी भुकटी तिच्या लुगड्यावर पडत होती. शेवटी तिनं झाकण आभाळाकडं धरलं आणि एक डोळा मिटला. त्या भोकातून उन्हाचा एक ठिपका तिच्या गालावर पडला.

"दिसलं," ती म्हणाली.

बसूनं पंपाजवळची हवा काढली, झाकण बसवलं, हँडल मारलं. इंजिन लागलं. तेवीस मिनिटं झाली. तीस झाली. सोमेशनं कोथिंबिरीवर दोनदा पाणी शिंपडलं. एका तासानंतर बसूनं स्वतःच होडी पलीकडच्या काठाला लावली, सोमेशची पोती उतरवली आणि इंजिन तसंच चालू ठेवून परत अलीकडं आणली.

सोमेश त्यांच्याबरोबर परत आला नाही, त्याला बाजार होता. पण उतरताना पोतं खांद्यावर घेत तो म्हणाला, "मेस्त्री, चष्म्याचं बोलणं मागं घेतो. निम्मं."

"निम्मं का?"

"झाकणाचं भोक दिसलं न्हाय की तुमाला त्या दिवशी."

ईश्वरप्पा बऱ्याच दिवसांनी हसले.

*

अलीकडच्या काठावर आल्यावर त्यांनी हात धुतले. पेटी फळीवर होती. ते तिच्याकडं पाहत उभे राहिले. उचलली नाही.

"मामा, घ्या की," बसू म्हणाला.

"शब्द दिलाय बसू. माझ्या हातचा फॉल्ट निघाला तर म्हणून."

मल्लव्वा होडीतलं पाणी उपसत होती. ती थांबली.

"तुमचा हात कुटं चुकला अण्णा?" ती म्हणाली. "हातानं इंजिन बांधलं, ते चाललं. चुकलं ते तोंड. 'हितं लाव' म्हणालं ते तोंड. तोंडानं पाना धरत न्हाईत."

बसू खो खो हसला. ईश्वरप्पांनी तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं हिशोब केला होता आणि तो तिच्या लेखी पुरा झाला होता.

"मग तोंडाला काय शिक्षा?" त्यांनी विचारलं.

"च्या पाजते. गप बसून प्यायचा."

काठावरच्या बसूच्या घराच्या अंगणात चहा पिताना ते खरोखरच बोलले नाहीत. समोर नदी होती, बंधाऱ्यानं अडवलेली, हिरवट, स्थिर. सप्टेंबरात हीच नदी या अंगणात होती. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तिची रेघ अजून दिसत होती. त्या रेघेखाली बसून चहा प्यायला मिळतो आहे, चाक फिरलं, दीड डोळ्यानं मोजलेलं आठवं पातं आठवंच होतं, आणि कुणी बुडालं नाही. कुणाकुणाचे उपकार आठवायचे, असं त्यांना झालं. रसूलसाब, बसूचे वडील, डोळ्यांचे डॉक्टर. आणि ही समोर बसलेली बाई, जिनं त्यांचा शब्द मोडू न देता पेटी त्यांना परत दिली होती.

"पण अण्णा," मल्लव्वा म्हणाली, "उद्यापासनं लावू कुटं?"

ते उठले, मल्लव्वाला घेऊन होडीपाशी गेले आणि इंजिन नव्यानं पाहू लागले. माथा तापतो. हवेचं तोंड नको. झाकण नको. पंपावर नको, चाकावर उडून जाईल. तेलाच्या झाकणालाही बारीक वाट असते. इतकी वर्षं इंजिन बांधून, ते किती ठिकाणांनी श्वास घेतं हे त्यांनी असं कधी मोजलं नव्हतं.

"ह्या लोखंडी चौकटीला लाव," ते शेवटी म्हणाले. "ज्याच्यावर इंजिन बसलंय."

"पायाला?" मल्लव्वा म्हणाली. "विभूती पायाला लावायची? काय बोलायलाव अण्णा."

ईश्वरप्पा पुन्हा इंजिनाभोवती बघू लागले. जागा तिनंच शोधली. पिशवीतून गोळा काढला, पाण्यात उगाळला आणि फळीवरच्या हत्यारपेटीकडं वाकली. पेटीला हात लावायच्या आधी थांबली.

"हिला भोक न्हाय न्हवं?"

"न्हाय," ईश्वरप्पा म्हणाले. मग खात्री करायला त्यांनी पेटी उघडून झाकण आतून बाहेरून पाहिलं. "न्हाय."

तिनं तीन पट्टे ओढले.

मंद्रूपला एसटीत बसल्यावर नीलम्माचा फोन आला. "काय झालं?" असं तिनं विचारलं नाही. "जेवला का?" हेही नाही. म्हणाली, "पेटी कुटं हाय?"

"मांडीवर," ईश्वरप्पा म्हणाले.

पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. या. जागा करून ठेवते."

गाडी सुरू झाली. पेटीवरचे पट्टे वाळत आले होते. खिडकीतून वारा येत होता, म्हणून त्यांनी झाकणावर हात आडवा धरला, न टेकवता, आणि सोलापूर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.